पिंपळावरचा हिरवा दिवा

जवळ सरकून बसा मंडळी, एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे.

अच्युतबुवांच्या कीर्तनात त्या दिवशी सगळ्यांच्या कपाळाला पट्टी होती. मेंदूत भक्तिभाव जागला की पट्टीवरचा दिवा हिरवा होई. यंत्र बुवांच्या लेकीचं, मैथिलीचं.

“म्हणजे देव ही नुसती मेंदूची खटपट! मग आजचं कीर्तन शेवटचं,” बुवा सकाळीच म्हणाले होते.

“बाबा, भाव कुठे जागतो एवढंच मी शोधतेय. तो जागवतो कोण, ते तुम्ही सांगा.”

गजरात टाळ्या एका ठेक्यात आल्या आणि मांडवभर हिरवे दिवे लागले. बुवांची मान मात्र खालीच.

“बुवा, अहो वर बघा की!” पखवाजवाले ओरडले.

पिंपळावर प्रसादाला येऊन माणसाळलेली एक म्हातारी वानरीण पिल्लाला कुशीत घेऊन त्याच ठेक्यावर डुलत होती. अभ्यासासाठी मैथिलीनं तिलाही पट्टी बांधली होती, आणि तिचाही दिवा हिरवा!

“ही ओढ माणसाच्याही आधीची दिसते, बाबा.”

बुवा खदखदून हसले. “अगं, म्हणजे आपण माणूस व्हायच्या आधीपासून तो हाका मारतोय!”

कीर्तनानंतर रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडले. बुवांनी पहिला नमस्कार पिंपळाकडे बघून केला आणि पुढच्या एकादशीचं कीर्तन तिथल्या तिथे जाहीर केलं.

तुम्हीही गजरात टाळी वाजवाल, तेव्हा त्या म्हातारीची आठवण ठेवा.