नक्कल म्हणाली, बरं आहे

निनाद हे लिहिणारच नव्हता. टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. मग म्हणाला, जाऊ दे, लिहूनच टाकू.

तो एका आरोग्य योजनेच्या गुणवत्ता विभागात होता. आजारी माणसं फोन उचलत नाहीत, म्हणून योजनेने प्रत्येक सभासदाच्या जुन्या कॉलवरून त्याच्या आवाजाची बोलती नक्कल बनवली होती. तब्येतीची चौकशी त्या नकलेकडेच व्हायची. निनाद उत्तरं ऐकायचा आणि ती त्या माणसासारखीच वाटली, की खरी धरून पास करायचा. एका सकाळी कानात मित्राचा आवाज आला, पल्याचा.

"पोट कसं आहे?" योजनेचा प्रश्न.

"बरं आहे, चाललंय. तुम्ही कसे आहात?"

निनादला हसूच आलं. डिट्टो पल्या! ताप अंगात असला तरी फोनवर हेच म्हणणार. त्याने पास केलं.

पावसाळा सरता सरता निनाद भेटायला गेला, तेव्हा पल्या हॉस्पिटलात नुसता हाडांचा सापळा होऊन पडला होता.

"स्कॅन मागून मागून थकलो रे. योजनेवाले म्हणे, तुम्हीच सांगता बरं आहे. मला विचारलं कोणी? तू तिथंच आहेस ना? ऐकलं असशील मला."

"ऐकलं," निनाद म्हणाला. "मीच पास केलं."

पल्याने उशीवरची मान त्याच्याकडे वळवली.

"गाढवा, माझं तर झालं. पण शालनचीही नक्कल असेल ना तुमच्याकडे? ती माझ्यापेक्षा वाईट. दुखलं तरी चहा विचारते."

"वहिनींना मी घरी येऊन विचारीन," निनाद म्हणाला. "आणि बरं आहे म्हणाल्या, तरी उठणार नाही. परत विचारीन."