उन्हाळ्यातल्या पाण्याचा आकडा

"वहिनी, दादा माझ्यामुळे गेला."

वहिनीचा हात शर्टाच्या घडीवर थांबला. दादाचे कपडे कुणाच्या तरी उपयोगी पडावेत म्हणून ती वेगळे काढत होती. खिडकीपाशी तिचे वडील चष्मा पुसत बसले होते. तीस वर्षं नदीचं पाणी मोजून निवृत्त झालेला माणूस. जावई गेल्यापासून लेकीजवळच राहत होता.

"ब्रेक निकामी झाले, भावजी. त्यात तुमचा काय दोष?"

दादा जाऊन सहा महिने झाले, तरी धाकट्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी खाणीतला कोळसा वीजकेंद्रापर्यंत पाइपातून नेणं जमेल का, हे तपासायचं काम त्याच्याकडे आलं होतं. कोळसा दळायचा, जवळजवळ तेवढ्याच पाण्यात कालवायचा आणि तो काळा लगदा पंपाने पुढे ढकलायचा. ट्रकची गरजच नाही. आणि दादा कोळशाचा ट्रक चालवायचा. त्याच ट्रकवर राबून त्याने धाकट्याला इंजिनिअर केलं होतं.

"पाइप आला तर मी काय त्यातून वाहत जाऊ?" दादा हसत म्हणाला होता, आणि लगेच त्याने मान फिरवली होती.

"सगळं जमत होतं, वहिनी. चढउतार, पंप, सगळं. भर उन्हाळ्यातही नदीला पुरेसं पाणी होतं. मी तो आकडा निम्मा केला. पाणी पुरणार नाही, असं लिहून दिलं. प्रकल्प बारगळला." त्याचा आवाज फुटला. "खरं लिहिलं असतं तर दादा त्या उतारावर नसता."

वहिनीने शर्ट बाजूला ठेवला. "यांना माहीत होतं?"

"छे! कानाखाली वाजवली असती त्याने."

म्हाताऱ्याच्या हातातला चष्मा खाली पडला. त्याने तो उचललाही नाही.

"ते नदीचे आकडे मीच पाठवले होते," तो म्हणाला.

"माहीत आहे, काका. तुमचं काम चोखच होतं. पाप माझं."

म्हाताऱ्याने सावकाश मान हलवली.

"जावई त्या ट्रकवरून एकदाचा उतरावा, म्हणून मी ते दुप्पट करून पाठवले होते."