उणे आठचं रान

बीजगणिताचा पेपर सुटल्याची घंटा झाली तेव्हा रविंद्र सर रसाच्या गाड्यापाशी उभे होते. परीक्षा केंद्रापासून शंभर मीटरच्या आत गणिताचा शिक्षक दिसला, की तो कॉपी पुरवायला आलाय असं धरतात. म्हणून गेले दोन तास ते बारामतीच्या मार्चमधल्या उन्हात एकशेएकाव्या मीटरवर प्रामाणिकपणे उभे होते.

फाटकातून पंधरा-सोळा वर्षांची पोरं बाहेर सांडली. त्यांच्या मागून नकोशीताई आल्या. वय बेचाळीस, डोक्यावर पदर, हातात पॅड. वडगाव निंबाळकरच्या एका बालवाडीत त्या मदतनीस. तिथल्या बाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. दहावी सुटली तर त्यांच्या जागी नकोशीताई, नाही तर आहेच खिचडीचं पातेलं. बाकी विषय सुटले होते. गणित दोनदा राहिलं होतं, दुसऱ्यांदा एका गुणानं.

“सर, आलं की आपलं रान!” त्या लांबूनच ओरडल्या.

सरांचा शिणलेला चेहरा जरा सुधारला. वर्गसमीकरणाचं सूत्र काही केल्या ताईंच्या डोक्यात राहत नव्हतं, तेव्हा सरांनी बालवाडीच्या ओट्यावर खडूनं रान काढून पूर्ण वर्ग पद्धत शिकवली होती. एक चौकोनी रान, बाजू एक्स. त्याला लागून सहा रुंदीची पट्टी. पट्टी उभी चिरायची, एक भाग उजवीकडं लावायचा, एक खाली. कोपऱ्यात तीन बाय तीनची जागा मोकळी राहते, ती नऊनं भरायची आणि तेवढेच नऊ बरोबरच्या चिन्हापलीकडं द्यायचे. “भावकीत एवढं सरळ वाटप कुठं असतंय?” म्हणत ताईंनी ते एका दुपारीत उचललं होतं.

“रस घ्या आधी. काय काय लिहिलंत?”

“समदं. एक्स वर्ग अधिक सहा एक्स बरोबर सोळा. पट्टी चिरली, कोपरा भरला, तिकडं सोळाचं पंचवीस झालं. त्याचं मूळ एकदा पाच, एकदा उणे पाच. एक्स आला दोन.”

“बरोबर. आणि दुसरं उत्तर?”

“उणे आठ.”

“शाब्बास.”

“ते खोडलं.”

सरांचा ग्लास तोंडाशीच थांबला. “खोडलं?”

“व्हय. तुमीच म्हनला हुता न्हवं, रानाची बाजू उणे नसती, आसलं उत्तर आलं की टाकायचं?”

सर म्हणाले होते. पण ते शाब्दिक उदाहरणापुरतं, जिथं खरंच रान असतं तिथं. आजच्या प्रश्नात रान नव्हतंच. नुसतं समीकरण होतं, आणि नुसत्या समीकरणाला उणे आठ चालतं. चालतं कसलं, लागतंच. हा फरक सांगायचा त्या दुपारी राहून गेला होता. त्या दुपारी सरांना मतदारयादीच्या कामाला जायचं होतं.

“हलकंच खोडलंय का? म्हणजे वाचता येईल असं?”

“छ्या! चांगलं गिरवून गिरवून. तपासनाऱ्याला वाटाय नको, ह्या बाईला कळत न्हाय.”

ताईंनी एका दमात रस संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “ह्या खेपेला निघतंय न्हवं, सर?”

परवा भूमितीचा पेपर होता.

“निघेल,” सर म्हणाले. “रान काही उणे नसतं. बरोबर आहे तुमचं.”

“मंग भूमितीला बी रानच धरू का?”

“नको!” सर एवढ्या घाईनं म्हणाले, की रसवाल्यानं चरक थांबवून बघितलं. “भूमितीला काही म्हणजे काही धरू नका. प्रमेयं पाठ करा. पुस्तकात आहेत तशी उतरवा. खोडू तर काहीच नका.”

“आन समजून कवा घ्यायचं?”

सरांनी ग्लास खाली ठेवला. रुमाल झटकून डोक्याला बांधला.

“पास झाल्यावर,” ते म्हणाले.