म्हाळसाची कादंबरी

पेटीत चोवीस कादंबऱ्या होत्या. सावळारामने त्या शाळेच्या ओट्यावर सहा-सहाच्या चार ढिगांत मांडल्या आणि पुन्हा एकदा मोजल्या. एकही पान गहाळ नव्हतं. तेलाचे डाग मात्र एकशे अडतीस होते.

"डाग कशाला मोजता?" गुरुजींनी विचारलं.

"वाचन किती झालं ते कळतं. इथं करडईच्या तेलाचा दिवा लावतात ना? रॉकेल उडून जातं, करडईचं तेल कागदात राहतं. पुस्तक जास्त वेळ उघडं, तर डाग जास्त."

सावळाराम गेल्याच वर्षी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला होता. माणसांच्या सांगण्यापेक्षा कागदावर त्याचा भरवसा जास्त. म्हणूनच बारामतीच्या वाचनालयाने फिरत्या पेट्यांच्या तपासणीचं काम त्याला दिलं होतं.

एस.टी.च्या टपावरून उतरवलेली नवी पेटी ओट्याच्या कडेला होती. कुलूप लावलेली. जुनी पेटी कळस गावाने खरोखर वाचली असेल, तर नवी इथंच राहणार होती. नाहीतर ती चारच्या गाडीने कन्हेरीला जाणार होती. कन्हेरीकरांचे तीन अर्ज आले होते.

खांबाला टेकून नकोशी उभी होती. तिची नजर नव्या पेटीवरून हलत नव्हती. तीन वर्षांपूर्वी साक्षरतेच्या वर्गात ती अक्षरं शिकली, आणि गेलं वर्षभर दर शनिवारी संध्याकाळी तिने गावाला कादंबऱ्या वाचून दाखवल्या. वहीत तिने बावन्न शनिवारांच्या बावन्न खुणा केल्या होत्या.

"एक बी शनवार चुकला न्हाय," तिचा बाप बिरू आबा म्हणाला. "चौथी पोरगी म्हनून मी नाव नकोशी ठिवलं. आता सगळं गाव तिच्या म्होरं मांडी घालून बसतंय. नाव ठिवताना जरा दम धराया पायजे हुता."

"पुस्तकंही जपली आहेत," गुरुजी म्हणाले. "दर शनिवारी मी एक काढून देणार, सोमवारी परत पेटीत. किल्ली माझ्या जानव्याला. श्रावणात आई आजारी म्हणून पाच आठवडे सासवडला होतो, तेव्हाही किल्ली तिथंच."

"उत्तम," सावळाराम म्हणाला आणि तसं लिहून घेतलं.

सर्वाधिक डाग लाल बांधणीच्या, सरदाराच्या मुलीच्या कादंबरीवर होते. सतरा. गावाची आवडती तीच निघणार, असा अंदाज त्याने वहीत आधीच नोंदवला. मग नकोशीला बाहेरच थांबवून ऐकणाऱ्यांना एकेक करून वर्गात बोलावलं. प्रत्येकाला दोनच प्रश्न. सगळ्यांत कोणती आवडली? शेवटी काय झालं?

छबूबाई पहिली आली. "म्हाळसाची!" ती बसायच्या आधीच म्हणाली. "एकली बाई दीडशे मेंढरं घिऊन घाट उतरती, सायेब. कोकनातनं माघारी येती तर भाऊ वाटनी मागाया हुबं! मी तर पायताण काढलं हुतं हातात."

"आणि शेवटी?"

"येकेक कोकरू दिलं. म्हनली, मी बी एवढ्यावरच सुरू केलं हुतं."

बिरू आबाचंही मत म्हाळसालाच. "ल्ह्यानारा पुन्याचा असंल न्हवं? मग भिजल्या मेंढराचा वास त्येला कसा ठावं? मेंढरू अडलं म्हंजी कसं वराडतं, त्ये बी बरोब्बर सांगितलंय त्येनं."

'लेखकाचं निरीक्षण अचूक,' सावळारामने नोंद केली.

एकतीस जणांपैकी बावीस जणांनी म्हाळसाचं नाव घेतलं. बावीसही जणांनी शेवट तोच सांगितला. सरदाराच्या मुलीला पाच मतं, उरलेली चार इतरांना. त्याचा अंदाज साफ चुकला होता, आणि त्याला त्याचा आनंद झाला.

त्याने नकोशीला आत बोलावलं. "म्हाळसाची कादंबरी कितव्या नंबरची?"

"ध्येनात न्हाय, सायेब."

"लेखक कोण?"

"ल्ह्यानाऱ्याचं नाव कोन इचारतंय? लोकं गोष्ट ऐकाया येत्यात." तिने पदर सारखा केला. "पेटी ऱ्हाती का जाती, तेवढं सांगा."

सावळाराम उठला. "इतकी पक्की वाचलेली पेटी मी पाहिली नाही. नवी इथंच राहील. आणि तिची किल्ली तुमच्याकडे."

गुरुजींचा हात नकळत जानव्याकडे गेला. नकोशीने किल्ली घेतली, मुठीत आवळली, आणि बापाकडे पाहिलं. बिरू आबाने पटका काढून पुन्हा बांधला. मगाशी तो नीटच होता.

चारच्या गाडीला जुनी पेटी चढली. बावीस मतांची कादंबरी बारामतीला पोचल्यावर शोधायची आणि समितीपुढे तिची शिफारस करायची, असं सावळारामने ठरवलं. गाडी सुरू होते तोच छबूबाई धावत आली आणि तिने खिडकीतून फडक्यात बांधलेलं काहीतरी आत सारलं.

"तुमी इचारत हुता न्हवं? नकोशीच्या फळीवं ऱ्हायलं हुतं. म्हाळसाचं पुस्तक! मला वाचाया येत न्हाय, पन मी वळखते की त्येला. श्रावनात पाच शनवार ह्येच हुतं तिच्या हातात."

गाव मागे पडल्यावर त्याने फडकं सोडलं. पुस्तक सावकाश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. मग यादीच्या वहीत चोविसाव्या ओळीखाली नवी ओळ आखली आणि लिहिलं:

'क्रमांक पंचवीस. सुधारित ऊस लागवड, शेतकऱ्यांसाठी माहितीपुस्तिका, मोफत. पानं बत्तीस. तेलाचे डाग त्रेपन्न.'