मधली खुर्ची

"विसरले नाही मी," रोवीना म्हणाली.

तिच्या बाजूने बोलायला उभा असलेला क्लेटन अडखळला. मघापासून तो सचोटी मंडळाला हेच पटवत होता, की पोरगी घाईत होती, शेवटची ओळ लिहायची राहून गेली, संपला विषय. पोरीने एका वाक्यात त्याच्या मेहनतीवर पाणी फिरवलं.

सचोटी मंडळात सगळे विद्यार्थीच. प्राध्यापकांना तिथे मज्जाव. व्हर्जिनियातल्या त्या छोट्या कॉलेजात परीक्षेवर पहारा नसतो; प्राध्यापक पेपर वाटतात आणि कॉफी प्यायला निघून जातात. उत्तरं संपली की खाली आपल्या हाताने प्रतिज्ञा लिहायची, सही करायची, एवढंच बंधन. शब्द मोडला तर शिक्षा एकच, कॉलेज सोडायचं. एवढ्या वर्षांत दुसरी शिक्षा कुणाला सुचलेली नाही.

रोवीनाने रसायनशास्त्राचा पेपर पूर्ण सोडवला होता आणि प्रतिज्ञेची जागा कोरी ठेवली होती. म्हणून आता ती मधल्या खुर्चीत बसली होती. ती खुर्ची आरोपीची. एरवी सभागृहात कितीही गर्दी असली तरी तिच्यात कुणी बसत नाही. कुणी कोटसुद्धा टाकत नाही तिच्यावर.

"डोकं फिरलंय का तुझं, रो?" क्लेटन वाकून कुजबुजला. "विसरले म्हण आणि मोकळी हो."

"विसरलेच नाही तर कसं म्हणू?"

क्लेटन तिचा जिवाभावाचा मित्र. रसायनशास्त्राचा वर्गही एकच. पहिल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत वसतिगृह ओस पडलं आणि हिच्याकडे घरी जायला बसभाडं नव्हतं, तेव्हा तो तिला आपल्या घरी घेऊन गेला. त्याच्या आईने पोटभर टर्की खाऊ घातली आणि निघताना डबाभर कॉर्नब्रेड बांधून दिला. असलं काही माणूस विसरत नाही. आताही तिची बाजू मांडायला तो आपणहून पुढे आला होता.

मंडळाची अध्यक्ष हॅडली शेवटच्या वर्षाला होती. आणखी एका मुलीला घरी पाठवायची तिला काही हौस नव्हती.

"कॉपी केलीस?"

"नाही."

"कुणाला दाखवलंस?"

"नाही."

"मग चार शब्द लिहायला हात का जड झाला?"

रोवीनाने मान खाली घातली.

"अशी गप्प राहिलीस तर कॉपी केली असंच धरावं लागेल मला. आजच खोली रिकामी करावी लागेल. कळतंय ना?"

"कळतंय." खाणीच्या गावातून आलेली ती, कॉलेजचं तोंड पाहणारी घरातली पहिलीच. परत जायची तिला भीती वाटत होती, आणि ती चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

हॅडली वैतागली. "बरं, लिहू नकोस. इथे म्हणून दाखव. सगळ्यांसमोर प्रतिज्ञा म्हटलीस तर सोडते तुला."

क्लेटनने सुटकेचा श्वास टाकला. रोवीना सरळ बसली.

"मी या परीक्षेत मदत घेतली नाही," ती म्हणाली. "कुणाला मदत दिली नाही."

आणि थांबली.

पुढचं सगळ्यांना तोंडपाठ होतं. दर परीक्षेत लिहीत होतेच की. पण लिहिताना त्याचा अर्थ मनात कोण आणतो? हॅडलीने वाक्य पुरं केलं, आणि करता करता तिचा आवाज उतरत गेला.

"आणि दुसऱ्या कुणाला मदत घेताना पाहिलं नाही." ती पुढे झुकली. "कुणाला पाहिलंस, रोवीना?"

"ते नाही सांगणार."

"मग तुला जावं लागेल."

"जाईन."

क्लेटनने हातातले कागद टेबलावर ठेवले आणि तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"ऊठ, रो," तो म्हणाला. "ही खुर्ची माझी आहे."