धुक्यातले टोल

“हात संथ ठेव. घाईनं टोल दिलेस की धुक्यात आवाज चहूकडून आल्यासारखा वाटतो, आणि पाण्यातलं माणूस जागच्या जागी गोल फिरत राहतं.”

सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली, पण धक्क्यावर हातोडा हातात घेतला की नावाड्याच्या बायकोच्या कानात त्यांचं हे बोलणं घुमायचं. आजही ती तशीच वाजवत होती. पाण्यालगतच्या खांबाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता. त्यावर एक टोल, मग सावकाश एक श्वास, मनात देवाचं नाव, मग पुढचा टोल.

ऐन उन्हाळ्यात असं धुकं कुणी पाहिलं नव्हतं. काल संध्याकाळी गारा पडल्या, रात्रभर बोचरा वारा सुटला, आणि तापलेली नदी सकाळी चुलीवरच्या पातेल्यासारखी वाफाळायला लागली. दिवस वर आला तरी धुकं हटेना. कोंबड्या खुराड्याबाहेर पाय टाकायला तयार नव्हत्या. धक्क्याच्या वरच्या दोन पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या. त्याखाली नदी आहे हे नुसतं ऐकून मानायचं.

टोल ऐकून धाकटी जाऊ पदर सावरत आली. मोठ्या नावेची दोरी तर वरच्या खुंटीला बांधलेली दिसतेय, मग पाण्यात कोण आहे, असं तिनं वरूनच विचारलं.

“लेक,” नावाड्याची बायको म्हणाली. “छोटी होडी घेऊन गेलीय.”

जाऊ बापाला सांगायला घराकडे पळाली.

लेक माहेरी येऊन बरेच दिवस झाले होते. अंगावरचे वळ तिनं आईला दाखवले, आईनं ते बापाच्या कानावर घातले, आणि बाप म्हणाला, भांड्याला भांडं लागतंच. काल जावई न्यायला आला. जेवताना गोडगोड बोलला. बापानं तिथंच शब्द देऊन टाकला, उद्या पाठवतो म्हणून. आईनं तोंडात मिठाची गुळणी धरली. लेकीची पिशवी मात्र तिनंच भरली, आणि डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. धाकट्या जावेच्या ते मनाला लागलं होतं. आईच अशी कोरडी झाल्यावर पोरीनं बघायचं कुणाकडे, असं ती रात्री नवऱ्यापाशी म्हणाली होती.

नावाडी आणि जावई धावत धक्क्यावर आले. नावाड्यानं एका दमात सगळं ताडलं. पलीकडच्या काठाला मावशी राहायची, कुणाला भीक न घालणारी बाई. तिच्याकडे निघाली असणार पोर, आणि भर पात्रात धुक्यानं गाठलं. पात्र रुंद होतं, मधे वाळूची बेटं होती. चांगल्या उजेडातसुद्धा पल्ला मोठा. त्यानं मोठ्या नावेची दोरी सोडली. जावई पुढं बसला.

“तू वाजवत राहा,” नावाडी बायकोला म्हणाला. “पोर आवाजावर येईल.”

या नदीवर धुक्यात डोळ्यांवर विश्वास ठेवत नसत. कानांनी रूळ धरायचा आणि त्याच्या दिशेनं वल्हं मारायचं, हे तिथलं शेंबडं पोरही जाणून होतं. बापाच्या हाका डावीकडून आल्या, उजवीकडून आल्या, मग बारीक झाल्या. उत्तर कुठूनच आलं नाही.

धाकट्या जावेला गप्प बसवेना. तिनं घरून तवा आणि उलथनं आणलं. धार होडीला वळणाकडे ओढून नेत असेल, मी तिथं जाऊन वाजवते, असं म्हणून ती निघालीच.

“नको गं.” आज पहिल्यांदाच नावाड्याच्या बायकोचा आवाज चढला. “दोन आवाज झाले तर ती चुकेल. एकच राहू दे.”

“मग हातोडा तरी द्या घटकाभर. तळहाताची साल निघालीय, जाऊबाई.”

“निघू दे.”

“तुमचा हात लोखंडाचा आणि हट्टही लोखंडाचा,” जाऊ म्हणाली आणि तवा मांडीवर घेऊन तिथंच बसली. सकाळपासून तुम्ही पाण्याचा थेंब घेतला नाही, हेही तिनं बोलून दाखवलं. नावाड्याच्या बायकोनं पुढचा टोल दिला.

बऱ्याच वेळानं मोठी नाव रुळाच्या आवाजावर धक्क्याला लागली. रिकामीच.

जावई धुक्यानं चिंब झाला होता, दात वाजत होते. तो सासऱ्याला म्हणाला, “मामा, काही बरंवाईट झालं असेल तर खापर माझ्या डोक्यावर नको. तुमच्या दारातून गेलीय.”

नावाड्यानं त्याच्याकडे पाठ फिरवली. वल्हं धरायला पोरीला त्यानंच शिकवलं होतं. तो खांबापाशी आला आणि बायकोच्या हातातला हातोडा हळूच काढून घेतला.

“पुरे आता,” तो म्हणाला. “इतका वेळ आवाज ऐकून आली नाही, ती आता काय येणार?”

नदीवर एकदम सुनं सुनं झालं. त्यानं बायकोला धरून वरच्या पायरीवर आणून बसवलं आणि स्वतः गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. जावेनं पाण्याचा पेला पुढं केला. नावाड्याच्या बायकोनं तो हातानं बाजूला सारला. धुकं अजून तसंच दाट होतं. नवऱ्याच्या पाठीवरून तिनं एकदा हात फिरवला, त्याच्याजवळचा हातोडा उचलला आणि एकेक पायरी उतरून पुन्हा खांबाकडे निघाली. सकाळी तिथूनच होडी पाण्यात ढकलताना तिनं लेकीला कबूल केलं होतं, “आवाज पाठीशी ठेव आणि वल्हवत राहा, धुकं विरेपर्यंत मी हात थांबवणार नाही.”