पाण्याच्या आवाजावर

सकाळचं ऊन पाण्यावरून थेट तोंडावर येत होतं, तरी खांबेटे सरांचे डोळे किंचितही बारीक होत नव्हते.

"कस्तुरी, डावा हात आळसावलाय!" ते पोहण्याच्या तलावाच्या काठावरून ओरडले. राष्ट्रीय विजेते घडवणारे सर नुसत्या आवाजावरून चूक पकडतात, याचं त्यांच्या मदतनीस मृणालला भारी कौतुक. ते निवृत्तीचा विषय टाळत, तेही तिला पटे.

हातांचा आवाज थांबला.

"दमली महाराणी!" सर हसले.

अगदी त्यांच्या पुढ्यात कस्तुरी बुडत होती. मृणालने उडी मारून तिला बाहेर ओढलं. पोर खोकत रडू लागली, तसे सर पांढरेफटक पडले.

"सर, दिसलं नाही तुम्हाला?"

"वर्ष झालं, काहीच दिसत नाही गं."

सर पुढे म्हणाले, "उद्यापासून मी येणार नाही. पोरांना तू शिकव."